शंभर महिन्यांचे भाडे

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 'प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात निकाल दिला. त्यानंतर बरेच दिवस चर्चा चालली ती समाजवाद, खाजगी मालमत्ता आणि राज्यघटनेचा अनुच्छेद ३९ (ब) यांची. समाजाच्या 'भौतिक साधनसंपत्ती'त तुमचे-आमचे घर येते की नाही, हा प्रश्न चर्चेला सोयीचा होता यात शंका नाही. पण हा खटला ज्या गोष्टीतून उद्भवला ती गोष्ट याहून पुष्कळच साधी होती. मुंबईतील जुन्या चाळी सरकारने मालकांकडून घेऊन त्यांचा पुनर्विकास करावयाचा, तर मालकाला द्यावयाचे काय? कायद्याने त्याचे उत्तर एका आकड्यात दिले होते : मासिक भाड्याच्या शंभरपट. बत्तीस वर्षे चाललेल्या या वादात तत्त्वज्ञान पुष्कळ झाले. हा आकडा मात्र तळटिपेत राहिला. प्रस्तुत लेखात आम्हांस त्या आकड्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

नागऱ्यात बसून मुंबईच्या घरमालकांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. नागरा हे गोंदियालगतचे, जुन्या शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. येथे घर बांधतात ते राहण्यासाठी, त्यावर भाडे खाण्यासाठी नव्हे. तरीही 'उत्पन्नाच्या इतक्या पट' या हिशेबाची आमच्या मुलखाला चांगली ओळख आहे. हा सारा मालगुजारी आणि जमीनदारी पद्धतीचा प्रदेश. येथे काळीबरोबर पांढरीही, म्हणजे शेतजमिनीबरोबर गावठाणही, मालगुजाराच्या हक्कात असे. १९५० साली तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेने मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला, ३१ मार्च १९५१ रोजी हे हक्क सरकारात जमा झाले, आणि मालगुजाराला त्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या दसपट मोबदला ठरला. दहा वर्षांचे उत्पन्न. अहेरीच्या जमीनदारांनी या कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये कायदा उचलून धरला. पहिल्या घटनादुरुस्तीने असे कायदे आधीच नवव्या अनुसूचीच्या आश्रयाला नेऊन बसवले होते.

त्या कायद्यातील एक तरतूद मात्र या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. मालगुजाराचा गावावरचा हक्क गेला, जंगल, तलाव, पडीक सर्व गेले. पण त्याची घरे, आवार, आवारातील विहिरी आणि झाडे त्याच्याकडेच राहिली. कायदा करणाऱ्यांनी दोन वस्तूंत फरक केला होता. गावावरचा हक्क म्हणजे उत्पन्न वसूल करण्याचा अधिकार. म्हणून त्याची किंमत उत्पन्नाच्या पटीत. घर म्हणजे घर. ते पटीत मोजावयाचे नाही, म्हणून ते घेतलेच नाही. मुंबईचा चाळमालक यांपैकी कशात बसतो? त्याची चाळ हे घर आहे, की भाडे वसूल करण्याचा एक अधिकार आहे, म्हणजे विटा-चुन्याची मालगुजारी आहे? आमच्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाचा पेच एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर तत्त्वाच्या भाषेत नव्हे, तर मोबदल्याच्या सूत्रात दिले गेले.

सुरुवात अर्थातच प्लेगपासून करावी लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, आणि दोन वर्षांत सरकारने 'सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नावाची संस्था कायद्याने उभी केली. अरुंद गल्ल्या फोडून रस्ते काढणे, दाट वस्ती पाडणे, समुद्र हटवून आणि शहराबाहेरची जमीन मोकळी करून नवी वस्ती बसवणे हे तिचे काम. नागपाडा ही तिची पहिली योजना. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते तिने काढले. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या तिच्याच. यासाठी लागणारी घरे आणि जमिनी ती सक्तीने घेई, आणि मोबदल्याबद्दल तंटा झाला तर तो ट्रस्टच्या कायद्याने नेमलेल्या स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जाई.

मोबदला ठरे बाजारभावाने. पण कामाठीपुऱ्यातील वा मांडवीतील चाळीचा बाजारभाव काढावयाचा कसा? तिचे भाडे पाहून. वर्षाचे निव्वळ भाडे घ्यावयाचे आणि त्याला प्रचलित व्याजदराप्रमाणे गुणावयाचे : पाच टक्के व्याज धरले तर वीसपट, सहा टक्के धरले तर पावणेसतरापटीच्या जवळपास. ही रीत इंग्रजी मूल्यमापनाची होती आणि वरवर पाहता निर्दोष होती. तिच्यात एकच खोट होती. एका खोलीत चार माणसांऐवजी दहा कोंबली तर भाडे वाढते. भाडे वाढले की किंमत वाढते. मोरीची जागा बंद करून तेथे खोली काढली तर भाडे वाढते. अंगणात पत्रे टाकले तर भाडे वाढते. ज्या कारणांसाठी चाळ माणसांच्या वस्तीला अयोग्य ठरवून पाडावयाची, नेमक्या त्याच कारणांनी तिचा मोबदला फुगत जाई. वस्ती जितकी अधिक घाणेरडी, तितकी पाडण्याची किंमत अधिक. यावर पुन्हा सक्तीने घेतले म्हणून वर द्यावयाची दिलासा रक्कम; १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ती बाजारभावाच्या पंधरा टक्के होती.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना हे फार लवकर उमगले होते. १९०९ पासून दशकभर ते त्या पदावर होते, आणि त्यांचे म्हणणे असे की गलिच्छ घरे विकत घेऊन पाडत बसणे हा शहराला बुडवणारा उद्योग आहे. करदात्याचा पैसा याने सरळ गलिच्छ घरांच्या मालकांच्या खिशात जातो. त्याऐवजी मालकालाच आपल्या खर्चाने उजेड-वारा मोकळा करावयास लावावे. त्यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे केला : खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की तेवढ्या कोनातून आकाश दिसले पाहिजे. नियम हास्यास्पद वाटेल, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. भाडे वाढवणारी कोंदट खोली मालकाला बंद करावी लागली, तर इमारतीचे उत्पन्न आणि म्हणून तिची किंमत आपोआप उतरते, आणि मग ती घेणे शहराला परवडते. इंग्लंडच्या १८९० च्या कामगारवस्ती कायद्याने हेच दुसऱ्या रीतीने साधले होते. अतिगर्दीमुळे भाडे वाढले असेल तर ती वाढ मोबदल्यात धरू नये असे तेथे लिहिलेच होते.

मुंबईत या काळात भाडेकरूला काय मिळाले? काही नाही. मोबदल्याच्या साऱ्या व्यवस्थेत मालक, गहाणदार, भुईभाडे घेणारा असे सर्व हक्कदार होते. ज्याच्या खोलीवर कुदळ पडे तो मासिक भाडेकरू शेजारच्या चाळीत जाऊन तेथील गर्दी वाढवी. पहिल्या वीसएक वर्षांत ट्रस्टने पाडलेल्या खोल्यांची बरोबरी तिने बांधलेल्या खोल्यांनी झाली नाही. म्हणजे शेजारच्या चाळीचे भाडे वाढले, आणि उद्या ती घ्यावयाची झाली तर तिचीही किंमत. या चक्राकडे पाहून त्या काळच्या घरमालकाला कोणी बिचारा म्हटले असते तर लोक हसले असते. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला.

ट्रस्टची ही कल्पना मुंबईहून कलकत्त्याला गेली (१९११) आणि तेथून इतर शहरांत पसरली. आमच्या प्रांतात ती १९३६ च्या कायद्याने आली : नागपूर सुधार प्रन्यास. नागपूरच्या कायद्याच्या अनुसूचीत मुंबईचा धडा शिकल्याची खूण दिसते. भूसंपादन कायद्याला तेथे ठिगळे लावली होती. इमारतीची किंमत आरोग्याला घातक अशा गर्दीमुळे वाढली असेल तर ती गर्दी दुर्लक्षावी, बेकायदा वापरामुळे वाढली असेल तर तो वापर दुर्लक्षावा, असे एक ठिगळ. हे शहाणपणाचे होते. पण त्याच ओघात आणखी दोन लावली गेली : जमीन ज्या वापरात आहे त्याच वापराची किंमत द्यावी, उद्या ती घरबांधणीला योग्य ठरेल म्हणून अधिक देऊ नये, आणि पंधरा टक्क्यांची दिलासा रक्कम प्रन्यासासाठी घेतलेल्या जमिनीला लागू करू नये.

या दोहोंची कसोटी लागली ती नागपूरच्या जमिनींच्या एका खटल्यात, नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव या नावाने तो ओळखला जातो. सात न्यायाधीशांच्या पीठाने ११ डिसेंबर १९७२ रोजी त्याचा निकाल दिला. युक्तिवाद सरळ होता. तीच जमीन सरकारने थेट भूसंपादन कायद्याने घेतली तर मालकाला अधिक मिळते, प्रन्यासासाठी घेतली तर कमी. आणि कोणत्या वाटेने जावयाचे हे सरकारच्या मर्जीवर. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की ज्याची जमीन जाते त्याला ती इस्पितळासाठी गेली की शाळेसाठी, पालिकेने घेतली की प्रन्यासाने, याने काय फरक पडतो? सार्वजनिक हेतू बदलला म्हणून मोबदला बदलू नये. दोन्ही ठिगळे समतेच्या अनुच्छेद १४ खाली रद्द झाली. मद्रास राज्याने घरबांधणी योजनांच्या जमिनींसाठी मोबदला घटवला होता, तोही १९६४ मध्ये याच अनुच्छेदाने पडला होता.

या निकालाचे आम्हांस विशेष वाटते ते त्याच्या वेळेमुळे. पंचविसावी घटनादुरुस्ती १९७१ मध्ये होऊन गेली होती. तिने अनुच्छेद ३१ मधला 'मोबदला' हा शब्दच काढून तेथे 'रक्कम' हा शब्द बसवला होता, की मोबदला पुरेसा आहे की नाही हा वाद न्यायालयात जाऊच नये. बेला बॅनर्जी खटल्यापासून (१९५३) बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यापर्यंत (१९७०) न्यायालय 'मोबदला म्हणजे योग्य मोल' असे म्हणत आले आणि संसद घटना दुरुस्त करत आली, त्या ओढाताणीचे हे टोक. 'रक्कम' या शब्दाला तळ नाही. एक रुपया हीदेखील रक्कमच. आणि ऐन त्या काळात नागपूरच्या खटल्यातून न्यायालयाने दाखवून दिले की पुरेपणाचे दार बंद असले तरी समतेची खिडकी उघडी आहे : किती द्यावे हे आम्ही पाहणार नाही, पण एकाला दुसऱ्याहून कमी का, हे पाहू. मुंबईच्या चाळमालकांना पुढे या खिडकीतून फारसा वारा लागला नाही, याचे कारण त्यांच्या भाड्याला तोवर काय झाले होते त्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धाने घरांची टंचाई आणली आणि भाडेनियंत्रण कायमचे होऊन बसले. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरवले ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश आला. भाडेकरूला नोटीस देण्यासाठी येथे आधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. युद्ध संपले, संस्थाने विलीन झाली, राज्ये पुन्हा आखली गेली, नागरा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबईत आणि तेथून महाराष्ट्रात आला. पण गिरगावातील खोलीचे भाडे १९४० मध्येच राहिले. कायदा तात्पुरता होता आणि त्याची मुदत वारंवार वाढवली जाई. अखेर मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी म्हटले की गोठवलेले भाडे आता अवाजवी आणि मनमानी झाले आहे. मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच आहे, म्हणून तो रद्द करावयाचे कारण नाही. मुदत पुन्हा वाढली. नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. गोठलेल्या पायावर चार टक्के म्हणजे किती, हा हिशेब वाचकांनीच करावा.

येथे भाडेकरूची बाजू सांगितली नाही तर लेख घरमालक संघाचे निवेदन ठरेल. गोठवलेल्या भाड्यामुळेच गिरणी कामगार, कारकून, शिक्षक हे दक्षिण मुंबईत राहू शकले, आणि ज्या शहराच्या गिरगाव-लालबागेचे मराठी साहित्याला इतके कौतुक आहे ते शहर या भाड्यांवर उभे होते. शिवाय मालकही अगदी निराधार नव्हता. भाडे गोठले तशी पागडी आली. खोली हाती बदलताना मोठी रक्कम रोखीने दिली जाई आणि तिचा एक हिस्सा मालकाला पोहोचे. म्हणजे खोलीचा बाजारभाव नाहीसा झाला नव्हता. तो भाडेपावतीतून उठून पावती नसलेल्या व्यवहारात गेला होता, आणि त्याची मालकी बव्हंशी भाडेकरूकडे गेली होती. १९९९ च्या कायद्याने अशा रकमा घेण्या-देण्याला उघड मान्यता दिली. तोवर मालकाचे खरे उत्पन्न कागदावर नव्हते, आणि कागदावर होते ते उत्पन्न नव्हते. पालिकेचेही हात यात पोळले. मालमत्ता कर करपात्र मूल्यावर म्हणजे भाड्यावर बसे; भाडे गोठले तसा जुन्या इमारतींवरचा करही गोठला, तो २०१० मध्ये भांडवली मूल्याची पद्धत येईपर्यंत.

पाच-दहा रुपये भाड्यात डागडुजी होत नाही. पावसाळ्यात चाळी पडू लागल्या. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, आणि मालमत्ता कराबरोबर उपकर घेऊन दुरुस्ती सरकारी मंडळाने करावी असे ठरले. शहर बेटावरील सुमारे १९,६०० इमारती या व्यवस्थेत आल्या, त्या 'उपकरप्राप्त इमारती'. त्यांतला सर्वांत जुना, अ वर्ग, १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्यांचा. ज्या तारखेने भाडे थांबवले तीच तारीख आता मोडकळीची सीमारेषा झाली, हा योगायोग असेल तर बोलका आहे. १९७६ च्या कायद्याने हे मंडळ म्हाडात आले.

आणि मग १९८६ ची दुरुस्ती. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मंडळाने ती इमारत आणि तिच्याखालची जमीन मालकाकडून घ्यावी आणि संस्थेला द्यावी. संस्था किंमत भरील आणि पुनर्बांधणी करील. मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट.

शंभरपट हा आकडा ऐकायला भरघोस आहे. शंभर महिने म्हणजे आठ वर्षे चार महिने. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळातील मूल्यमापनाची वीस वर्षांची पट, मालगुजाराला मिळालेली दहा वर्षांची, आणि आता ही सव्वाआठ वर्षांची. महाराष्ट्राच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात तर निव्वळ मासिक उत्पन्नाच्या साठपट होती, म्हणजे पाच वर्षांची. पट उतरत गेली हे खरे, पण खरी गोम पटीत नाही. मालगुजाराचे उत्पन्न १९५१ चे होते आणि त्याची दसपटही १९५१ ची. चाळमालकाचे भाडे होते १९४० चे, आणि शंभरपट होती १९८६ ची. एक काल्पनिक चाळ घेऊ : चाळीस खोल्या, प्रत्येकी पंधरा रुपये भाडे. महिन्याचे सहाशे, शंभरपट साठ हजार. इतक्यात गिरगावातील चाळीस खोल्या आणि त्यांच्याखालची जमीन. तिच्यातल्या एकाच खोलीच्या पागडीशी ही रक्कम ताडून पाहावी. सरकारने या मालमत्तेची किंमत दोनदा ठरवली होती : एकदा भाडे थांबवून, आणि दुसऱ्यांदा त्या थांबलेल्या भाड्याला गुणून. दुसऱ्या वेळी ठरवलेल्या आकड्याची चर्चा झाली. पहिल्याची नाही, कारण तो भाडेकरूंच्या संरक्षणाचा कायदा होता, संपादनाचा नव्हता.

१८९८ मध्ये भाडे हेच माप होते, आणि त्याने चाळमालकाला त्याच्या अपराधाचे बक्षीस दिले. १९८६ मध्येही भाडे हेच माप होते, आणि त्याने त्याच मालकाच्या नातवाला कफल्लक केले. माप तेच. दोन्ही वेळी त्याने इमारतीची किंमत सांगितली नाही; पहिल्या वेळी ते गर्दी मोजत होते, दुसऱ्या वेळी एक जुनी तारीख. ऑर यांनी जे ओळखले होते, की मोबदल्याचा प्रश्न गुणाकाराचा नसून गुण्याचा आहे, ते कायदा करणाऱ्यांनी एकतर विसरून गेले असावे किंवा चांगले लक्षात ठेवले असावे. आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

न्यायालयात मात्र हा हिशेब मध्यवर्ती झालाच नाही, आणि त्याला कारण म्हाडा कायद्यातील एक लहानसे कलम, १-अ. त्यात जाहीर केले होते की हा कायदा अनुच्छेद ३९ (ब) मधील धोरण अमलात आणण्यासाठी आहे. असे जाहीर केले की अनुच्छेद ३१ (क) चे कवच चढते, आणि समतेच्या अनुच्छेद १४ खाली तो तपासता येत नाही. नागपूरच्या खटल्याने उघडी ठेवलेली खिडकीही बंद. १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क आधीच काढून घेऊन अनुच्छेद ३००-अ पुरता ठेवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मालकांच्या याचिका फेटाळल्या. मालक दिल्लीस गेले. तीन न्यायाधीशांनी प्रकरण पाचांकडे पाठवले, पाचांनी सातांकडे, आणि सातांनी २००२ मध्ये नवांकडे. नऊ न्यायाधीश बसले ते २०२४ च्या एप्रिलात.

या वाटेवर प्रश्नाचे रूप पालटत गेले. घरमालक म्हणत होते : आमची चाळ घेऊन तुम्ही ती समाजाला देत नाही, आमच्याच भाडेकरूंच्या संस्थेला देता, एका खाजगी हातातून दुसऱ्या खाजगी हातात जाणारी वस्तू समाजाची साधनसंपत्ती कशी? न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये रंगनाथ रेड्डी खटल्यात अल्पमतात मांडलेले, आणि १९८२ मध्ये संजीव कोक खटल्यात उचलले गेलेले मत असे की खाजगी मालमत्ताही त्या साधनसंपत्तीत येतेच. नऊ जणांपैकी बहुमताने, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या निकालपत्रातून, ते नाकारले : सर्वच खाजगी मालमत्ता त्यात येत नाही, वस्तूचे स्वरूप, तिची टंचाई, ती थोड्या हातांत एकवटल्याचे परिणाम हे पाहून ठरवावे लागेल. न्या. नागरत्ना यांचे मत काही अंशी वेगळे पडले, न्या. धुलिया यांनी विरोधी मत दिले. अनुच्छेद ३१ (क) चे केशवानंद खटल्याने टिकवलेले रूप कायम राहिले. आणि आठ-अ प्रकरण वैध की अवैध? ते या पीठाने ठरवले नाही. तो प्रश्न नेहमीच्या पीठासाठी ठेवला. शंभरपट पुरेशी की नाही, हे बत्तीस वर्षांनी नऊ जणांनीही सांगितले नाही.

दरम्यान चाळी न्यायालयाची वाट पाहत थांबल्या नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत आणखी एक. मोबदल्याच्या वादाची किंमत घरमालक आणि सरकार यांच्यात वाटली जाते असे कागदावर दिसते. ती तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या माणसानेही भरली आहे.

व्यवहाराने तेवढ्यात आपली वाट काढली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या नियमाने जुन्या इमारतीच्या पुनर्बांधणीला वाढीव चटईक्षेत्र दिले, आणि मालकाची संमती ही एकाएकी मोलाची वस्तू झाली. ज्याला सरकार साठ हजार देऊ पाहत होते त्याच्याकडे विकासक वाटाघाटीला जाऊ लागला, कारण जमीन त्याच्या नावावर होती आणि तिच्यावर मजले चढणार होते. भेंडीबाजारात तर २००९ पासून सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने जवळजवळ अडीचशे इमारतींच्या वस्तीतील मालकांशी एकेकट्याने व्यवहार करत ती मिळवत नेली. मोबदल्याचे माप भाड्याऐवजी भविष्यातले बांधकाम झाले. नागपूरच्या १९३६ च्या कायद्याने जे टाळू पाहिले होते, उद्याच्या वापराची किंमत आज देणे, तेच आता मुख्य चलन झाले होते.

कायद्यानेही ते अखेर मानले. २०२२ च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात ७९-अ हे कलम आले. धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने. तिनेही दिला नाही तर म्हाडा इमारत घेईल. मालकाला जमिनीच्या रेडी रेकनर मूल्याच्या पंचवीस टक्के, किंवा विक्रीसाठी बांधावयाच्या क्षेत्रफळाच्या पंधरा टक्के, यांपैकी जे अधिक ते. या सूत्रात भाडे हा शब्द कोठेही नाही. पंचवीस टक्केच का, हा नवा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस कोठे सापडले नाही. उरलेले पंचाहत्तर टक्के पागडीच्या रूपाने केव्हाच भाडेकरूकडे गेले असे गृहीत धरले असावे. तसे असेल तर पावती नसलेल्या त्या जुन्या व्यवहाराला कायद्याच्या सूत्रात प्रथमच आकडा मिळाला म्हणावयाचे.

आठ-अ प्रकरण मात्र ७९-अ आल्याने पुस्तकातून निघाले नाही. म्हणजे एकाच शहरात, एकाच कायद्यात, एकाच प्रकारच्या इमारतीसाठी दोन मापे झाली : एका दाराने गेले तर शंभर महिन्यांचे भाडे, दुसऱ्या दाराने गेले तर जमिनीच्या मूल्याचा चौथा हिस्सा. १९७२ मध्ये नागपूरच्या त्या खटल्यात सात न्यायाधीशांनी जो प्रश्न विचारला होता, तो आता मुंबईत विचारता येण्याजोगा झाला आहे.